अडीचची वायर आणि दहा दिवे

भिवंडी तालुक्यातल्या वळ गावात आता भाताच्या शेतांपेक्षा गोदामं आधी नजरेत भरतात. अंजूर फाट्याच्या या पट्ट्यात एकामागून एक पत्र्याची उंच छपरं, त्यांच्यासमोर मागे-पुढे होणारे कंटेनर आणि आत दिवसासुद्धा लावावे लागणारे दिवे. या प्रकरणात आपण असंच एक गोदाम मनाशी धरू आणि त्यातल्या विजेचा हिशेब दोनदा करू, एकदा कागदावर आणि एकदा संगणकावर.

पाठ्यपुस्तकातलं सर्किट मी मुद्दाम टाळतो आहे. त्यात दहा व्होल्टची बॅटरी असते, दोन-चार रोध असतात आणि उत्तर चुकलं तर गुण जातात, बाकी काही बिघडत नाही. गोदामात उत्तर चुकलं तर वायर तापते.

आपल्या गोदामात वितरण पेटीपासून एक सरळ रांग निघते. दर १२ मीटरवर एक असे १५० वॅटचे दहा एलईडी दिवे, म्हणजे शेवटचा दिवा १२० मीटरवर. वायर तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची. वायरमन तिला नुसतं ‘अडीचची’ म्हणतात. पुरवठा २३० व्होल्ट. शेवटच्या दिव्यापाशी किती व्होल्ट पोचतील, एवढाच प्रश्न आहे. दिव्यांच्या रांगेत दाब तीन टक्क्यांपेक्षा जास्त पडू नये, असा आराखडा करणाऱ्यांचा रिवाज आहे. २३० चे तीन टक्के म्हणजे ६.९ व्होल्ट. हा आकडा लक्षात ठेवा.

आधी कागद घेऊ. अडीचच्या तांब्याच्या वायरचा रोध तक्त्यात किलोमीटरला ७.४१ ओम दिलेला असतो. करंटला जायचंही असतं आणि परतही यायचं असतं, म्हणून बारा मीटरच्या एका टप्प्यात वायर २४ मीटर आणि रोध ०.१७८ ओम. एक दिवा १५० भागिले २३०, म्हणजे ०.६५२ अँपिअर घेतो. पहिल्या टप्प्यातून दहाही दिव्यांचा करंट जातो, दुसऱ्यातून नऊंचा, शेवटच्यातून एकाचा. म्हणून एकूण घट काढायला दहापासून एकपर्यंतची बेरीज, ५५, घ्यायची आणि तिला ०.६५२ आणि ०.१७८ नं गुणायचं. उत्तर ६.३८ व्होल्ट, म्हणजे २.८ टक्के. रांग पास.

सगळा हिशेब पाकिटाच्या पाठीवर मावतो. त्यात एक लबाडी मात्र आहे. प्रत्येक दिवा २३० व्होल्टवर जेवढा करंट घेतो तेवढाच घेत राहील, असं आपण धरलं. पण दिव्यापाशी २३० पोचतच नाहीत, आणि किती पोचतात हे तर आपण शोधतो आहोत. ही लबाडी टाळायची तर दिव्याला रोध मानायचं. २३० चा वर्ग भागिले १५०, म्हणजे सुमारे ३५३ ओम. आता दहा दिव्यांपाशी दहा अज्ञात दाब आहेत आणि किर्चॉफच्या नियमाची दहा समीकरणं.

गुस्ताव किर्चॉफनं हे नियम १८४५ साली मांडले तेव्हा तो क्योनिग्सबर्गला शिकणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. सांध्यात आलेला करंट तितकाच बाहेर पडतो आणि बंद फेऱ्यातल्या दाबांची बेरीज शून्य होते, या दोन वाक्यांपलीकडे मूलभूत सर्किटशास्त्राला आजही फारसं काही लागत नाही. अडचण नियमांत नसून आकडेमोडीत असते. डिप्लोमाला शिकवतात तो क्रेमरचा नियम शब्दशः वापरायचा म्हटलं, तर दहा बाय दहाच्या एका निश्चयकात ३६,२८,८०० पदं येतात. परीक्षेत मेशचं गणित तीन समीकरणांच्या पुढे का जात नाही, याचं खरं कारण हे आहे. एकेक अज्ञात काढून टाकत जायची गाउसची रीत वापरली तर हेच काम काहीशे गुणाकारांत उरकतं, आणि संगणकही त्याच कुळातली रीत वापरतो.

आपली रांग शिडीसारखी आहे, त्यामुळे हातानंही पळवाट काढता येते. शेवटच्या दिव्यापाशी नेमका एक व्होल्ट आहे असं धरायचं. त्याचा करंट काढायचा, टप्प्यातली घट मिळवायची, नवव्या दिव्यापाशी यायचं, पुन्हा तेच. अशा दहा पायऱ्या मागे चालत पेटीपाशी आलं की तिथे १.०२७९ व्होल्ट लागतात असं कळतं. पेटीत प्रत्यक्षात २३० आहेत, म्हणून शेवटच्या दिव्यापाशी २३० भागिले १.०२७९, म्हणजे २२३.७७ व्होल्ट. घट ६.२३. साधा कॅल्क्युलेटर आणि दहा मिनिटं.

आता संगणक. सर्किट सोडवणाऱ्या बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरचा मूळपुरुष स्पाइस. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रोनाल्ड रोहरर यांनी वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून सर्किट सोडवणारा प्रोग्राम लिहून घेतला, त्यातून ‘कॅन्सर’ नावाचा प्रोग्राम निघाला. नावातली शेवटची दोन इंग्रजी अक्षरं ‘किरणोत्सार वगळून’ असं सांगत होती. लष्कराच्या पैशावर होणाऱ्या अशा प्रोग्राममध्ये किरणोत्साराचे परिणाम मोजायची सोय असे, आणि व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात या मंडळींनी ती नावातच नाकारली. लॉरेन्स नेगल या विद्यार्थ्यानं डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली त्याचं स्पाइस केलं आणि १९७३ साली ते जगापुढे आलं. पेडरसन यांचा आग्रह असा की प्रोग्राम सर्वांना खुला असला पाहिजे. म्हणून तो चुंबकीय फितींवरून विद्यापीठांत आणि कारखान्यांत पोचला, आणि आजही त्याचे वंशज फुकट मिळतात.

त्यांतला एक आपल्या शेजारीच वाढला आहे. वळहून कशेळीचा पूल ओलांडून ठाण्यातून पुढे गेलं की पवई. तिथल्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पानं ई-सिम नावाचं मुक्त सॉफ्टवेअर तयार केलं आहे. मोबाइलमधल्या ई-सिमशी त्याचा काही संबंध नाही. आधी त्याचं नाव ऑस्कॅड होतं. आकृती काढायला त्यात कीकॅड आहे आणि सोडवायला एनजीस्पाइस, जे थेट बर्कलीच्या घराण्यातलं आहे. त्याच आयआयटीत प्रा. महेश पाटील यांनी सीक्वेल नावाचा सर्किट सोडवणारा प्रोग्राम लिहिला आणि बेसिक इलेक्ट्रॉनिक्सच्या आपल्या मोफत व्हिडिओ व्याख्यानांत तो वापरलाही. महागड्या परवान्याशिवाय सिम्युलेशन शिकता येत नाही, ही सबब महाराष्ट्रात तरी चालू नये.

ई-सिममध्ये आपली शिडी काढली, वायरचे दहा तुकडे, दिव्यांचे दहा रोध, २३० व्होल्टचा एक स्रोत आणि जमिनीची खूण. बटण दाबलं. शेवटच्या सांध्यापाशी २२३.७७ व्होल्ट.

दोन्ही उत्तरं दशांशापर्यंत जुळली की विद्यार्थी प्रयोगवहीत लिहितो, ‘हाताने काढलेले व सिम्युलेशनचे उत्तर जुळले, म्हणून ते बरोबर आहे.’ माझं भांडण या ‘म्हणून’शी आहे. दोघांनी तीच दहा समीकरणं सोडवली, तर उत्तर जुळणारच. समीकरणं गोदामाला लागू पडतात का, हे त्या जुळण्यातून कळत नाही.

आणि ती पुरती लागू पडत नाहीत. एलईडी दिवा रोधासारखा वागत नाही. त्याच्या आतला ड्रायव्हर दिव्याला ठरलेली शक्ती पुरवत राहतो, त्यामुळे दाब कमी झाला की तो जास्त करंट ओढतो. जुना पिवळा बल्ब दाब पडला की मंद होई, हा होत नाही. म्हणजे प्रत्येक दिव्याचा करंट १५० भागिले त्याच्यापाशी असलेला दाब. अज्ञात राशी भागाकारात गेली, समीकरण सरळ रेषेचं राहिलं नाही, आणि मागे चालायची आपली पळवाटही बंद झाली, कारण एक व्होल्ट धरून मग प्रमाणात वाढवणं फक्त सरळ समीकरणांत चालतं. संगणक इथे न्यूटन-रॅफसनची रीत वापरतो. एक अंदाज घ्यायचा, तिथे स्पर्शरेषा काढायची, ती नेईल तिथे नवा अंदाज, आणि फरक नगण्य होईपर्यंत तेच. उत्तर येतं ६.५३ व्होल्टच्या घटीचं.

याच ठिकाणी एक गमतीदार सापळा आहे. रांगेत फक्त शेवटचा दिवा ठेवा, बाकी नऊ काढा. आता समीकरण साधं वर्गसमीकरण होतं आणि त्याला दोन उत्तरं असतात. एक २२८.८३ व्होल्ट, दुसरं १.१७ व्होल्ट! दुसऱ्या उत्तरात १५० वॅटचा दिवा १२८ अँपिअर ओढतो आहे आणि बाकीचा सगळा दाब वायरमध्ये पडतो आहे. गणिताच्या दृष्टीनं त्यात काहीही चूक नाही. सॉफ्टवेअरला सुरुवातीचा अंदाज दोन-अडीच व्होल्टच्या आत दिला, तर ते हेच उत्तर तितक्याच गंभीरपणे पडद्यावर ठेवेल. शून्य दिला तर भागाकारातच अडकेल. कागदावर आधी एका दिव्याची घट सव्वा व्होल्टच्या आत येते असं काढून ठेवलेला माणूस हसून तो आकडा खोडेल. ज्यानं कागद घेतलाच नाही, तो १२८ अँपिअरसाठी केबल शोधायला निघेल.

आता तिन्ही उत्तरं शेजारी ठेवू. करंट कायम धरून ६.३८, रोध धरून ६.२३, शक्ती कायम धरून ६.५३. फरक तीन दशांश व्होल्टचा. तिन्ही ६.९ च्या आत. पाकिटाच्या पाठीवरची लबाडी आपोआप मधोमध पडली आणि निर्णय बदलला नाही.

निर्णय बदलतो तो दुसऱ्याच गोष्टीनं. तक्त्यातला ७.४१ ओमचा आकडा वीस अंश सेल्सिअसचा असतो. मे महिन्यात वळच्या पत्र्याखाली वीस अंश कोण देणार? तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. छपरालगत ओढलेली, स्वतःच्या करंटनंही थोडी तापलेली वायर साठ अंशांवर गेली, तर रोध जवळपास सोळा टक्के वाढेल. मग हातानं काढलेली ६.३८ ची घट ७.३८ होते, म्हणजे ३.२ टक्के. रांग नापास.

हे सॉफ्टवेअरनं सांगितलं का? आपण विचारलंच नव्हतं. एनजीस्पाइसमध्ये तापमान न सांगितल्यास ते २७ अंश धरतं, आणि रोधाला तापमानाचा गुणांक दिला नसेल तर तापमान कितीही बदला, रोध हलत नाही. गुणांक दिला तरी मूळ रोध २७ अंशांचा आहे असंच ते समजतं, आपला तक्ता मात्र वीसचा असतो. एवढी सगळी अचूकता पाचव्या दशांशापर्यंत छापली जाते आणि पहिल्याच अंकात एका व्होल्टची चूक राहते. यात संगणकाचा दोष नाही, आणि पाकिटाची पाठही तेवढीच गप्प बसली असती. पण हातानं करणाऱ्याला तो ७.४१ चा आकडा तक्त्यातून स्वतः उचलावा लागतो, आणि त्या तक्त्याच्या डोक्यावर ‘२० अंश सेल्सिअसला’ असं छापलेलं असतं. डोळा तिथे अडखळायची शक्यता तरी असते.

उपाय सोपा आहे. अडीचच्या जागी चारची वायर घेतली की रोध किलोमीटरला ४.६१ ओम, आणि साठ अंशांवरही घट ४.६ व्होल्ट. प्रश्न सुटला.

याच हिशेबातून वायरमध्ये वाया जाणारी शक्तीही निघते. टप्प्याटप्प्यानं करंटचा वर्ग गुणिले रोध, सगळं मिळून सुमारे २९ वॅट. १५०० वॅटमागे दोन टक्के, तेही घट मर्यादेच्या काठावर असताना. हा आकडा मनात असला की मोठ्या बातम्याही वाचता येतात. भिवंडीत २६ जानेवारी २००७ पासून महावितरणच्या वतीनं टोरंट पॉवर वीज वाटू लागली. देशातला फ्रँचायझीचा हा पहिला मोठा प्रयोग. त्याआधी या भागातली तांत्रिक आणि वाणिज्यिक हानी मिळून ५८ टक्क्यांच्या आसपास सांगितली जात होती. तारा आणि ट्रान्सफॉर्मर कितीही जुने, भार कितीही जास्त धरला तरी निम्म्याहून अधिक वीज तांब्या-ॲल्युमिनियममध्ये उष्णता होऊन जाणार नाही. उरलेली हानी मीटरच्या बाहेर गेलेली वीज आणि वसूल न झालेली बिलं यांतच शोधावी लागते. हे समजायला कुठलंही सिम्युलेशन लागत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मी कागदाचा वकील आहे. तसं नाही. याच गोदामात एक असा प्रश्न आहे जिथे हाताचा हिशेब सपशेल आपटतो.

दिवे तीस केले आणि ते तीन फेजवर दहा-दहा वाटले, तर न्यूट्रलमधून किती करंट जाईल? पाठ्यपुस्तकाचं उत्तर आहे शून्य. तीन समान करंट, एकमेकांपासून १२० अंशांवर, बेरीज शून्य. परीक्षेत पूर्ण गुण. पण दिवे स्वस्तातले असतील आणि त्यांच्या ड्रायव्हरमध्ये आधी डायोडचा ब्रिज, मग थेट कपॅसिटर असेल, तर करंट साइन लाटेसारखा वाहत नाही. दाबाच्या शिखरापाशी तो एक झटका घेतो आणि उरलेला वेळ गप्प बसतो. अशा झटक्यांत मूळ ५० हर्ट्झबरोबर १५० हर्ट्झचा मोठा भाग असतो. फेजमधलं १२० अंशांचं अंतर तिप्पट वारंवारतेला ३६० अंश होतं, म्हणजे अंतर उरतच नाही. तिन्ही फेजचे हे भाग न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडायच्या ऐवजी मिळतात. झटके अगदी अरुंद असतील तर न्यूट्रलचा करंट फेजच्या १.७३ पटीपर्यंत जातो. बारीक न्यूट्रल टाकून पैसे वाचवणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं.

हे हातानं काढायचं तर डायोड कधी उघडतो, कपॅसिटर किती उतरतो, वायरचा रोध शिखर किती चेपतो, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. ई-सिममध्ये तीन स्रोत, तीन ब्रिज, तीन कपॅसिटर काढा, न्यूट्रलमध्ये करंट मोजा, आणि आलेख समोर येतो. कपॅसिटर निम्मा केला तर? वायर लांब केली तर? ब्रिजनंतर करंटचा आकार सुधारणारं सर्किट लावलं तर? दर वेळी काही सेकंदांत उत्तर मिळतं. अशा प्रश्नांना सॉफ्टवेअरच हवं. संगणकापूर्वी वीज कंपन्यांचे इंजिनिअर मोठ्या जाळ्यांसाठी खोलीभर लहान प्रतिकृतीच उभारत आणि तिच्यावर मीटर लावून मोजत, ते उगाच नव्हे.

फक्त बटण दाबण्याआधी सॉफ्टवेअरच्या काही खोडी माहीत असाव्यात. स्पाइसच्या बोलीत ‘एम’ म्हणजे मिली, लहान लिहा की मोठा. दहा लाख ओमचा रोध ‘१एम’ असा लिहिला की तो ओमचा हजारावा भाग होतो, म्हणजे जवळजवळ उघडी तार. दहा लाखांसाठी ‘मेग’ लिहावं लागतं. ‘एफ’ हा फॅरड नसून फेम्टो, म्हणजे एकामागे पंधरा शून्यांनी भागलेला. साइन स्रोताला शिखराचा दाब द्यायचा असतो, म्हणून २३० च्या जागी ३२५ लिहायचे. इथे २३० च लिहिले तर आपल्या रोधांच्या शिडीत सगळंच एका प्रमाणात खाली येतं, टक्केवारी तीच निघते आणि चूक कुणाला दिसत नाही. स्रोताचा करंट पडद्यावर उणे ६.४० असा दिसला तर घाबरू नका. स्रोताच्या धन टोकातून आत शिरणारा करंट धन, असा तिथला संकेत आहे. जमिनीची खूण विसरलात किंवा एखादा सांधा कुठेच न जोडलेला राहिला, तर ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ अशी तक्रार येते. तिचा अर्थ इतकाच, की त्या सांध्याचा दाब कशाच्या तुलनेत मोजायचा हे तुम्ही सांगितलेलं नाही.

यातली बहुतेक प्रत्येक चूक पाच मिनिटांच्या कागदी अंदाजानं पकडली जाते, आणि तो अंदाज बटण दाबायच्या आधी लिहिलेला असला तरच. उत्तर पाहून मग केलेला अंदाज त्या उत्तराकडेच सरकतो. प्रयोगवहीत ‘हाताने’ आणि ‘सिम्युलेशन’ असे दोन रकाने असतात, त्यांच्या आधी ‘काय धरले’ असा तिसरा रकाना आखायला तंत्रनिकेतनांनी सुरुवात करावी. दिवा रोध धरला की शक्ती, वायर किती अंशांची, पुरवठा नेमका २३० की संध्याकाळी उतरलेला. परीक्षकानं त्याच रकान्याला सर्वांत जास्त गुण द्यावेत.

तुमच्यासाठी एक गणित. हेच दहा दिवे ठेवा, पण पेटी रांगेच्या टोकाला न ठेवता मधोमध आणा आणि दोन्हीकडे पाच-पाच दिवे सोडा. दोन्ही बाजूंचा पहिला दिवा पेटीपासून बारा मीटरवर. वायर अडीचचीच, तापमान साठ अंश. करंट कायम धरून शेवटच्या दिव्याची घट आधी कागदावर काढा, मग ई-सिममध्ये. कागदावर दोन व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे. संगणकावर त्याहून फार वेगळं आलं, तर आधी ‘एम’ तपासा.